हाई उडस का?

प्लास्टिकचे स्केल मॉडेल म्हणजे खऱ्या विमानाची, रणगाड्याची किंवा जहाजाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती. ती तयार मिळत नाही. खोक्यात सुटे भाग येतात आणि ते कापून, घासून, जोडून, रंगवून मॉडेल उभे करावे लागते. ते उडत नाही, चालत नाही, वाजतही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात कोणाच्या कपाटात असे मिग-२१ दिसले, की पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाई उडस का?" नाही म्हटल्यावर दुसरा: "मंग काय कामनं?" तिसरा प्रश्न किमतीचा असतो आणि त्याचे खरे उत्तर घरातल्यांसमोर सहसा कोणी देत नाही.

इतिहास थोडक्यात उरकता येतो. ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' नावाने प्लास्टिकच्या विमानांची पहिली किट निघाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी नौदलाने शत्रूची व मित्रांची विमाने ओळखण्याच्या सरावासाठी शाळकरी मुलांकडून लाकडी मॉडेल्स करून घेतली. त्यांचे प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या सहा फुटांना मॉडेलवर एक इंच. विमानांसाठी आजही जगात हे प्रमाण खूप चालते. युद्धानंतर पॉलिस्टायरिन आले, १९५० च्या दशकात एअरफिक्स कंपनीचे स्पिटफायर आले आणि छंद घरोघरी पोचला. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाची वखार म्हणून सुरू झाली होती. ती १९६० च्या सुमारास प्लास्टिककडे वळली. तिने पँथर रणगाड्याचे मोटर लावलेले मॉडेल काढले, तेव्हा आत दोन सेल मावतील एवढा आकार धरला. तो मोजला तर १:३५ च्या आसपास भरला, आणि पुढे साऱ्या जगाने रणगाड्यांसाठी तेच प्रमाण उचलले. त्यामागे गणित काहीच नाही, फक्त बॅटरीचा सेल आहे.

भारतात हा छंद कुठे अडतो, हा विषय मात्र थोडक्यात उरकत नाही. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गवारीत ९५०३ हा खेळण्यांचा कप्पा आहे. तीनचाकी सायकल, बाहुली, जोडकोडी आणि स्केल मॉडेल ही सारी मंडळी त्यात शेजारी शेजारी बसतात. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. म्हणजे परदेशात दोन हजारांना मिळणाऱ्या किटवर चौदाशे रुपये नुसते मूळ शुल्क. जीएसटी त्यावर वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले.

या नियमांचा हेतू रास्त आहे. तान्ह्या मुलांनी तोंडात घालायच्या वस्तूंना विषारी रंग नसावा आणि स्वस्त मालाच्या लोंढ्यात इथला कारागीर बुडू नये, याला कोणी नाही म्हणणार नाही. पण ज्या किटच्या खोक्यावरच 'चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी' असे छापलेले असते, ज्याचे शंभर-दीडशे भाग चिमट्याने उचलावे लागतात आणि जे घेणारा माणूस बहुधा चाळिशीचा चष्मा लावलेला असतो, त्याला खुळखुळ्याच्या रांगेत उभे करणे म्हणजे अतिच झाले. झेक किंवा जपानी कारखाना भारतातल्या मोजक्या गिऱ्हाइकांसाठी आयएसआय परवान्याच्या खटपटीत का पडेल? परिणामी मुंबई-पुण्यातल्या दुकानांत माल रोडावला. पाचोऱ्याच्या हौशी माणसाला उरतो तो परदेशातून येणारा भाचा. त्याच्या बॅगेत खोके मावत नाही, कारण खोक्यात निम्मी हवाच असते. मग खोके तिकडेच टाकून भागांच्या चौकटी कपड्यांच्या घड्यांत येतात आणि त्यांतली एखादी लँडिंग गिअरची दांडी हमखास मोडलेली निघते.

यात एक गंमत आहे. भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून खरी काडतुसे तयार होतात. नाशिकजवळ ओझरला त्याच वर्षी मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्या जुळणीतून तयार झालेल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. जळगाव तर प्लास्टिकचेच गाव. पीव्हीसी पाइप इथले, चटया इथल्या. तरीही हातभर लांबीचे प्लास्टिकचे विमान बाहेरून आणावे लागते. कारण साच्यात आहे. पोलादी साचा कोरायला लाखो रुपये लागतात, तो खर्च निघायला हजारो प्रती खपाव्या लागतात, आणि "मंग काय कामनं?" विचारणाऱ्या बाजारात तेवढ्या खपत नाहीत. अलीकडे थ्रीडी प्रिंटरने काही जण घरीच छोटे भाग छापतात, पण त्याला साच्यातून निघालेल्या किटची सफाई अजून नाही.

आता कामाच्या पायऱ्या. भाग ज्या चौकटीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात. भाग पिरगळून तोडायचा नाही. तो बारीक कटरने थोडा दूरवर कापायचा आणि उरलेले टोक पात्याने व पॉलिश पेपरने घासायचे. साच्याच्या दोन अर्ध्यांमधली पुसट रेघ प्रत्येक भागावर असते, तीही खरवडावी लागते. नवशिके ती सोडून देतात. मॉडेल रंगवले की ती रेघ दुप्पट ठळक दिसते आणि मग रडारड होते.

पुढची पायरी जोडणीची, आणि ती खान्देशात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. विहिरीपासून शेतापर्यंत पीव्हीसीची लाइन टाकताना 'सोल्युशन' लावतात, तेव्हा पाइप खरे तर चिकटत नाही. दोन्ही पृष्ठभाग विरघळून एकमेकांत मुरतात, द्रावक उडून जातो आणि एकच तुकडा उरतो. पॉलिस्टायरिनचे मॉडेल नेमके असेच जुळते. फरक द्रावकाच्या जोराचा. मॉडेलचे सिमेंट पाण्यासारखे पातळ असते. दोन भाग कोरडे जुळवून धरायचे आणि फटीला कुंचल्याचे टोक लावायचे, की द्रव आपसूक फटीत धावत जातो. मग हलका दाब द्यायचा. फटीतून वितळलेल्या प्लास्टिकचा केसाएवढा मणी वर आला, की सांधा पक्का बसला. तो मणी वाळला की घासून टाकायचा. हे सिमेंट ज्वलनशील असल्याने विमानाने पार्सल जात नाही आणि कुरियरवाले हात वर करतात. त्यावर उपाय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले पाइपचे सोल्युशन वापरून बघायचा मोह होतो. तो टाळावा. त्यातले द्रावक स्टायरिनच्या पातळ पंखाला झेपत नाहीत. पंखाची कड बसते, वर बोटाचा ठसा उमटतो आणि तो कायमचा राहतो. चटईच्या पॉलिप्रॉपिलीनचे दुखणे याच्या उलट. त्याच्यावर कोणतेही सिमेंट चालत नाही.

रंगकामात मुख्य अडचण हवामानाची. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की एअरब्रशमधून उडालेला अॅक्रिलिक रंग वाटेतच वाळतो आणि पंखावर रव्यासारखा बसतो. त्यात रिटार्डर घालून वाळणे लांबवता येते, पण फार नाही. पावसाळ्यात उलट तऱ्हा: दमट हवेत वॉर्निश मारले की दुधाळ थर चढतो. त्यात कॉम्प्रेसर चालू असताना वीज गेली तर सगळेच मुसळ केरात. म्हणून इकडे रंगकामाचा हंगाम दिवाळी ते होळी धरावा. उन्हाळ्यात जोडणी करावी, पावसाळ्यात वाचन.

वाचन कशाचे? रंगांचे आणि खुणांचे. भारतीय वायुदलाच्या चक्रात केशरी बाहेर, मग पांढरा, मध्ये हिरवा. बऱ्याच किटांसोबत या चक्रांची डिकल्स, म्हणजे चिकटवायची छापील चित्रे, येत नाहीत, ती वेगळी मिळवावी लागतात. नॅटचेच बघा. १९६५ मध्ये ज्याने पाकिस्तानची सेबर विमाने पाडली आणि १९७१ मध्ये श्रीनगरवर ज्याच्यातून निर्मलजितसिंग सेखों लढले, ते नॅट एका आसनाचे लढाऊ विमान. एअरफिक्सने वर्षानुवर्षे विकले ते दोन आसनांचे प्रशिक्षण विमान, ब्रिटनच्या 'रेड ॲरोज'चे. त्याचा पंखच वेगळा. त्यावर केशरी-हिरवे चक्र लावले म्हणून ते श्रीनगरचे होत नाही. एका आसनाचे नॅट आणि बंगळुरूला झालेले त्याचे सुधारित रूप 'अजित' हे दोन्ही १:७२ मध्ये काढले ते एका झेक कंपनीने. मिग-२१ चा गुंता वेगळा. आधीच्या चंदेरी विमानांवर १९७१ च्या सुमारास घाईघाईत हिरवे पट्टे ओढले गेले आणि ते सगळीकडे एकसारखे नव्हते. उपलब्ध छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल. त्यांतला राखाडी म्हणजे कोणता हिरवा, यावर दोन जाणती माणसे रात्र काढू शकतात. १९६३ ला वायुदलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झाले. वाद निवृत्त व्हायचे आहेत.

रणगाड्याचा अभ्यास तुलनेने सोपा, कारण खरी वस्तू जवळ आहे. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. तिथे व्हॅलेंटाइन, चर्चिल, पॅटन, विजयंत असे सारे हाताच्या अंतरावर बघता येतात. तिथे गेल्यावर तोफेपेक्षा चाकांकडे बघावे: रबर कुठे झिजले आहे, रंग कोणत्या कडेने उडाला आहे, गंजाचा ओघळ कुठून सुटतो. रणगाड्याचे मॉडेल खरे वाटते ते या ओघळांमुळे. मात्र शेवटी धूळ चढवताना पाचोऱ्याची माणसे एक चूक करतात. अंगणातली काळी माती फडक्याने गाळून चाकांवर चोपडतात. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढले, तो शकरगडच्या गाळमातीत होता. ती माती वाळली की फिकट पिवळसर-भुरी होते. काळी माती वाळूनही काळसरच राहते. तिने माखलेला सेंच्युरियन कपाशीच्या वावरातून आल्यासारखा दिसतो, आणि इथे कोणी रणगाडा हाकल्याची नोंद नाही.

इथल्या मातीचा विषय निघाला, की पीजेचा, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडीचा, विषय निघणे अटळ आहे.  ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी मार्च २०२० मध्ये थांबली आणि मग ब्रॉडगेजच्या कामासाठी कायमची बंद झाली. तिची लष्करी कामगिरी शून्य. पण मॉडेल करण्याजोगे पाचोऱ्यात काही असेल तर तीच. तिच्या रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. ते १:८७ या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होते, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. युरोपातले लोक आपल्या नॅरोगेज गाड्या याच युक्तीने करतात. पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. पाचोरा ते जामनेर अख्खा मार्ग या प्रमाणात मांडला तर साधारण ६४० मीटर भरेल. तो घरात मावणार नाही, पण एखादे स्टेशन, फलाट, पाण्याची टाकी आणि डब्याच्या दारात लोंबकळणारी माणसे एवढे टेबलावर सहज बसेल. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे एकदा जाऊन आलेल्याला हे वेडेपणाचे वाटणार नाही. डब्यांची मापे मात्र आत्ताच घेऊन ठेवायला हवीत. भंगारात गेलेला डबा मोजता येत नाही.

शेवटचा मुद्दा निगेचा. मॉडेल काचेच्या कपाटातच ठेवावे. उघड्यावर चार महिन्यांत धूळ बसते आणि फडक्याने पुसले तर अँटेना मोडतात. मऊ कुंचल्याने झटकावे. तरी दिवाळीच्या साफसफाईत मिग-२१ ची नाकापुढे आलेली बारीक सळई मोडतेच, कारण पुसणाऱ्याचा हात आधी तिलाच लागतो. ती प्लास्टिकची परत चिकटवण्यात अर्थ नाही, कारण सांधा पुन्हा सुटतो. इंजेक्शनची सुई योग्य लांबीला कापून, टोक घासून तिथे बसवावी. धातूला मॉडेलचे सिमेंट धरत नाही, त्याला फेविक्विक लागते. सुई कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. कशाला हवी, असे दुकानदार विचारतो, तेव्हा विमानाला असे सांगू नये.