साच्यातली वेबसाइट

दुकानाची वेबसाइट तयार साच्यातून काढायला आमची हरकत नाही. लग्नपत्रिकासुद्धा आपण छापखान्यातले नमुने चाळूनच निवडतो. पण वधूवरांची नावं तरी आपली घालतो ना?

उंब्रजच्या एका खत-बियाणांच्या दुकानाची वेबसाइट बघा. गिऱ्हाईक सगळं ऊसवालं, आणि पडद्यावर कोट-टायमधली गोरी मंडळी लॅपटॉपभोवती हसताहेत! युरिया घेताना इतकं कुणी हसत नाही हो. पत्ता न्यूयॉर्कचा. ‘आमच्याविषयी’ उघडावं, तर ‘लोरेम इप्सम’! साचेवाले जागा भरायला ठेवतात ते मोडकं लॅटिन. मूळ सिसेरोचं, इसवी सनापूर्वी 45 मधलं. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, “असू दे, इंग्रजी बरं दिसतंय.” आणि दुकान कधी उघडतं, उधारी चालते का, हे शेतकऱ्यानं सिसेरोला विचारायचं?

याच उंब्रजात समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. अकराही ठिकाणी देव तोच. पण उंब्रजला तो चुना, वाळू आणि तागाचा, तर जवळच्या माजगावला वेशीवरच्या धोंड्यात कोरलेला. सतराव्या शतकात जिथं जे हाताशी होतं, ते वापरलं. आमच्या मालकांच्या हाताशी चांगला वीस हजारांचा मोबाइल आहे. त्यातून स्वतःच्या दुकानाचा एक फोटो निघेना!