काँग्रेसला आवर फक्त नकाराधिकाराचा?

अमेरिकी काँग्रेसला आवर घालायला राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार तेवढा आहे आणि दोन तृतीयांश मते जमली की तोही निकामी, असे गेल्या अंकातील पत्रात ठासून म्हटले आहे. पत्रलेखक न्यायालय साफ विसरले.

जगदीश राय चढ्ढा यांचा खटला पाहावा. केनियात जन्मलेला, ब्रिटिश पासपोर्टवर १९६६ साली शिकायला आलेला हा भारतीय वंशाचा तरुण. व्हिसा संपल्यावर त्याची हकालपट्टी ठरली. १९७४ मध्ये इमिग्रेशन न्यायाधीशाने ती स्थगित केली. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० प्रकरणांतून चढ्ढासह ६ जण निवडून त्यांची स्थगिती उठवली. चर्चा नाही, मतांची नोंद नाही. सिनेटला विचारले नाही, राष्ट्राध्यक्षांची सही तर दूरच. कायद्यानेच एका सभागृहाला तशी मुभा दिली होती!

२३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मुभाच मोडीत काढली.

त्याआधी १९४३ मध्ये काँग्रेसने तीन सरकारी नोकरांवर देशविघातक असल्याचा शिक्का मारून त्यांचे पगार रोखले. कलम खर्चाच्या विधेयकात घुसडलेले. युद्धकाळात पैसा अडू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाइलाजाने सही केली. म्हणजे नकाराधिकार तिथे लंगडा पडला. १९४६ मध्ये त्या तिघांपैकी लव्हेट यांच्या नावाच्या खटल्यात न्यायालयाने ही पगारबंदी विनाखटला शिक्षा ठरवून रद्द केली.

एवढे मात्र खरे, की चढ्ढा निकालानंतरही काँग्रेसने आपल्या समित्यांना तशी मुभा देणारी कलमे कायद्यांत घालणे सोडले नाही. सरकारी खाती ती बऱ्याचदा मुकाट्याने पाळतात. पुढच्या वर्षीचा निधी त्याच समित्यांकडून मिळवायचा असतो.