आगबोटीवर कोणता कॅमेरा न्यावा?

सकाळच्या चहापासून रात्री दिवा मालवेपर्यंत आमच्या पौडच्या घरात गेले तीन आठवडे एकाच विषयाचा खल चालू आहे. थोरल्या पुतण्याने घरच्या नऊ माणसांसाठी मुंबई–गोवा–मुंबई अशा आगबोटीच्या सफरीची तिकिटे काढली आहेत. तेव्हा बरोबर कोणता कॅमेरा न्यावा, हा तो विषय. वाचकांस हसू येईल. वाटण्यांवरून आणि मानापानावरून अबोला धरणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली. परंतु कॅमेऱ्यावरून दोन सख्ख्या भावांनी दोन दिवस एकमेकांस ‘मीठ वाढ’ असेही म्हणू नये, हा योग आमच्याच पंक्तीस यायचा होता.

आरंभी ‘सफर’ ही वस्तूच आमच्या पचनी पडेना. आगबोट ही कोठे तरी पोचण्यासाठी असते, अशी आमची समजूत. वहिनींचे माहेर विजयदुर्गाकडचे. त्यांच्या लहानपणी मुंबईहून कोकणबोट निघे, ती रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंस पडावात उतरून किनारा गाठावा लागे. आताची बोट मधल्या बंदरांस लागत नाही, रात्रीच्या वेळी किनाऱ्यापासून लांबून जाते, असे पुतण्याने सांगितले, तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “म्हणजे भावजी, किल्ला दिसायचा नाही.” त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि कोणत्याही कॅमेऱ्यापाशी ते नाही. २०२१ च्या सप्टेंबरात ज्या ‘एम्प्रेस’ नावाच्या बोटीने मुंबईहून अशा सफरी सुरू झाल्या, ती १९९० साली फ्रान्सात बांधलेली, लांबीला सुमारे २११ मीटर. पडावातून उतरणाऱ्या त्या मुलीस अशी बोट म्हणजे एक गावच वाटले असते.

असो. घरात पक्ष तीन पडले. धाकटा पुतण्या हौशी छायाचित्रकार. त्याच्यापाशी भिंगे बदलता येणारा मोठा कॅमेरा आहे. लांब पल्ल्याचे भिंग लावले म्हणजे त्याचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. त्याचे म्हणणे, समुद्रावर डॉल्फिन दिसले, पक्षी दिसले, तर ते टिपण्यास दुसरे साधन नाही. आणि ते खरे आहे. थोरल्याचे म्हणणे, हल्ली फोनवर जे निघते ते पुरे, ओझे कशास वाहावे? तेही खरे आहे. नातवास मात्र पाण्यात बुडविला तरी चालेल असा कॅमेरा हवा. ऑलिंपसचा ‘टफ’ या नावाचा एक कॅमेरा १५ मीटर खोल पाण्यातही काम करतो, हे त्याने कोठून तरी हुडकून काढले. बोटीवरील पोहण्याच्या हौदास १५ मीटर खोली नसते, हे आम्ही त्यास सांगून पाहिले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

जन्म शाळेत गेल्यामुळे निवाड्याचे काम आमच्याकडे आले. न समजणाऱ्या विषयात निवाडा द्यावयाचा तर तो विषय आधी शिकावा लागतो. आम्ही तो शिकलो. समुद्रावर कॅमेऱ्याचे वैरी दोन : खारे तुषार आणि दमट हवा. खोलीत वातानुकूलनाचा गारवा, बाहेर डेकवर घाम फुटावा असा दमटपणा. गार भिंग बाहेर आणताक्षणी त्यावर बाष्प धरते, जसे फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरते तसेच. यास्तव कॅमेरा बंद पिशवीतूनच बाहेर आणावा आणि अर्धा तास पिशवी उघडू नये. उघड्या डेकवर भिंग बदलणे म्हणजे खाऱ्या हवेस आत येण्याचे आमंत्रण देणे होय. रात्रीच्या चित्रांसाठी तिपाई न्यावी, असे धाकटा म्हणत होता. परंतु जेथे पायाखालची बोटच डोलते आणि यंत्रांनी थरथरते, तेथे तिपाई स्थिर राहून काय साधणार? आणखी एक गोष्ट : शुभ्र बोट व चकाकणारे पाणी पाहून कॅमेरा फसतो आणि पांढऱ्याचे राखी करून टाकतो, तेव्हा त्यास थोडा अधिक प्रकाश घेण्यास मुद्दाम सांगावे लागते. इतके समजल्यावर फोन न्यावा, असा निकाल देऊन आम्ही मोकळे होणार होतो.

परंतु ही सफर कोणासाठी ठरली आहे, हे तिघांपैकी एकही उच्चारीत नव्हता. ती दादांसाठी आहे. आमचे वडील बंधू दादा यांचे वय ७९. त्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदूच्या शेजारी हे नाव ठेवल्याने ही दोन भावंडे आहेत असा पुष्कळांचा समज होतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढुळते. ते काढून दुसरे बसविता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतूच झिजतो. गेलेले परत येत नाही, औषधाच्या थेंबांनी वा शस्त्रक्रियेने डोळ्यातील दाब उतरवून उरलेले राखावे, एवढेच वैद्याच्या हाती असते. (सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘काच’ हे एका नेत्ररोगाचे नाव आहे. तो रोग हाच असे आम्ही म्हणत नाही; शब्द जुना आहे, इतकेच.) ही दृष्टी बहुधा कडेकडून जाते, आणि मधले स्वच्छ दिसत असल्यामुळे माणसास वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. दादांस तो लागला, तो ओसरीच्या पायरीवर बसलेली नात न दिसून तिला त्यांचा पाय लागला तेव्हा. आज ते वर्तमानपत्र वाचतात, पण पंक्तीस शेजारी कोण बसले आहे हे त्यांना मान वळविल्यावाचून कळत नाही. डॉक्टरांच्या तक्त्यावर त्यांची दृष्टी जेमतेम २० अंशांची उरली आहे. धडधाकट माणसास दोन्ही डोळ्यांनी सुमारे १८० अंश दिसते. आणखी दोन वर्षांनी किती उरेल, हे कोणी सांगत नाही. म्हणून सफर, आणि म्हणून ती ह्याच वर्षी.

आमच्या घरात पहिला कॅमेरा दादांनीच आणला, १९७० च्या सुमारास. ॲग्फाचा ‘क्लिक थ्री’. एका रोलवर चित्रे बाराच. त्यामुळे दादा सर्वांस ओळीने उभे करीत, स्वतः एकेक पाऊल मागे सरत, आणि शेवटचे माणूस चौकटीत मावल्यावर मगच कळ दाबीत. जुन्या चित्रांत दादा कोठेच नाहीत, त्याचे कारण हेच.

गेल्या दिवाळीत आम्ही मोठ्या हौसेने घरच्या एका लग्नातील समूहचित्राची तीन फूट रुंदीची प्रत करवून घेतली आणि दादांच्या खाटेसमोर भिंतीवर लावली. दृष्टी अधू, तर चित्र मोठे हवे, हे आमचे तर्कशास्त्र. दादांनी “छान” म्हटले. आम्ही समाधान पावलो.

गेल्या रविवारी कॅमेऱ्यांची परीक्षा घ्यावी म्हणून सारी मंडळी मुळशीच्या जलाशयाकाठी गेलो. समुद्र नसला तरी पाणी, वारा आणि पलीकडे डोंगर एवढे तेथे आहे. त्या पाण्याकडे आमच्या घराण्यास निर्विकार मनाने पाहता येत नाही. निळा-मुळेचे खोरे टाटांच्या धरणाखाली जाऊ नये म्हणून १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते ह्याच लढ्यात, आणि पुण्याच्या सावकार-जमीनदारांनी नुकसानभरपाईची वाट धरली, हेही ह्याच लढ्यात घडले. १९२४ साली सत्याग्रह थांबला, धरण झाले, त्याचे पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे जाऊ लागले. आमच्या आजोबांचे घर त्या पाण्याखाली आहे. कोडॅकचा ‘ब्राउनी’ १९०० साली अमेरिकेत एका डॉलरला मिळू लागला होता. वीस वर्षांनी तसला एखादा डबा मावळातील कोणाच्या हाती असता, तर त्या घराची ओसरी कोणत्या दिशेस होती, हे आज आम्हांस सांगता आले असते. दारात पारिजातक होता, एवढे एक वाक्य पिढ्यांमागून पिढ्या चालत आले आहे.

धाकट्याने पलीकडच्या काठावरील बगळा इतका जवळ आणून दाखविला की त्याच्या चोचीतील मासा ओळखावा. सर्वांनी वाखाणले. मग थोरल्या सुनेने आम्हां सर्वांस ओळीने उभे केले, मागे पाणी आणि डोंगर घेतले, फोनच्या रुंद भिंगाने एक चित्र काढले आणि सहज म्हणून फोन दादांच्या हाती दिला. दादांनी तो हात लांबवून धरला. बराच वेळ ते बोलेनात. दिसत नसावे, असे वाटून आम्ही म्हणालो, “दादा, घरी गेल्यावर मोठे करून देतो.”

“मोठे नको,” दादा म्हणाले. “मोठे केले की एकेकाला शोधत बसावे लागते. ह्यात सगळे एकदम दिसतात. आणि तळे एवढे रुंद आहे, हे मी विसरूनच गेलो होतो रे.”

“मग भिंतीवरचे?”

“त्यात मला एकच माणूस दिसते. जिकडे मान वळवीन ते.”

घरी आल्यावर आम्ही पाटीपेन्सिल घेऊन हिशेब केला. तीन फुटांचे चित्र चार फुटांवरून पाहिले तर ते डोळ्यापुढे ४१ अंश व्यापते. दादांच्या खिडकीत त्याचे अर्धेही मावत नाही. पंधरा सेंटिमीटरचा फोन साठ सेंटिमीटरवर धरला तर तो केवळ १४ अंश व्यापतो, आणि त्याच्या रुंद भिंगाने तर शंभराहून अधिक अंशांचे जग आत घेतलेले असते. म्हणजे जे जग दादांस हरवले आहे, ते त्यांच्या उरलेल्या खिडकीत सगळेच्या सगळे बसते. डॉक्टरांकडे विचारता, मधली दृष्टी शाबूत असलेल्या अशा रोग्यांसाठी चित्र लहान करून दाखविणारी भिंगेही वापरतात, असे कळले. वर्षभर आम्ही उलट्या दिशेने पैसे खर्चीत होतो.

तरी फोनने सर्व भागत नाही. उन्हात त्याचा पडदा फिका पडतो, आणि दादांचा थरथरता अंगठा काचेवर भलतीकडेच पडतो. त्यांना कळ हवी, बोटास लागणारी. शेजारच्यांनी सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतील तिसरा, २०१४ चा, लहान कॅमेरा आठवड्यासाठी देऊ केला आहे. वजन ३०० ग्रॅमच्या आत. त्याच्या डोक्यातून डोळ्यास लावण्याची एक इवलीशी खिडकी वर येते. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती जुळविता येते, आणि उन्हात तीत स्वच्छ दिसते. ही खिडकी फार लहान, असा दोष जाणते छायाचित्रकार तिला देतात. दादांस ती तेवढीच हवी आहे. भिंग पुरते रुंद ठेवले म्हणजे आडवे ७४ अंशांचे दृश्य तीत येते.

तेव्हा निकाल असा की फोन आणि हा लहान कॅमेरा न्यावा. धाकट्याने आपला मोठा कॅमेरा न्यावा की नाही, ते त्याने ठरवावे. त्याचे ओझे त्याने वाहावे. बंदरावर नौदलाच्या जागेकडे कोणीही कॅमेरा रोखू नये, एवढे त्यास बजावले आहे. भर समुद्रात फोनची जोडणी राहत नाही, म्हणून चित्रांसाठी फोनमध्ये जागा आधीच मोकळी करून ठेवावी; थोरल्याच्या फोनमध्ये सुप्रभाताच्या शुभेच्छांनी ती सर्व व्यापिली होती. रात्री खारवलेला कॅमेरा ओलसर फडक्याने पुसावा. बोट दक्षिणेस वळली की मावळता सूर्य उजव्या हातास येईल आणि सारे उतारू त्या कठड्याशी गोळा होतील. दादांस झगझगाटात काहीच दिसत नाही. त्यांना आम्ही डाव्या बाजूस नेणार, जिकडे सूर्य पाठीशी राहील आणि दिवस असेतो किनाऱ्यावर ऊन पडलेले असेल.

दादा रोज संध्याकाळी अंगणात सराव करतात. मुलांस ओळीने उभे करतात, कॅमेरा डोळ्यास लावतात आणि एकेक पाऊल मागे सरू लागतात. मागे सरण्याची गरज नाही, कळ फिरविली की भिंगच रुंद होते, असे नातू त्यांना रोज सांगतो. ते मान डोलावतात आणि मागे सरतात. परवा तुळशीवृंदावनास टेकले. बोटीवर मागे जिने असतील, खुर्च्या असतील, चालती माणसे असतील. तेव्हा कॅमेरा त्यांच्या डोळ्यास असेतो त्यांच्या सदऱ्याचा मागचा काठ धरून कोणी तरी उभे राहिले पाहिजे. ते काम आम्ही आमच्याकडे घेतले आहे.