न कुजणारी बैठक

दुधाचा रिकामा गॅलनभर जग विसळून निळ्या डब्यात टाकला की आपल्याला जरा पुण्यवान झाल्यासारखं वाटतं. पुढे त्याचं काय होतं? ईपीएच्या आकड्यांप्रमाणे २०१८ साली अमेरिकेत तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी फक्त ८.७ टक्के पुनर्वापरात गेला. त्याच वर्षी चीनने परदेशी प्लास्टिक कचऱ्याला दार बंद केलं. कचरा गोळा करणं सोपं आहे, अडतं ते गिऱ्हाइकावर. आणि गिऱ्हाईक होऊ शकतील अशा आपल्या टाऊनशिप काखा वर करून बसल्या आहेत.

माझं म्हणणं असं की या प्लास्टिकची जागा मैलावाहिनीच्या खाली आहे. नाक मुरडू नका, आधी ऐका.

या देशात सार्वजनिक मैलावाहिन्या ८ लाख मैलांहून जास्त आहेत आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या उतारावर वाहतात. आठ इंची वाहिनीला दर १०० फुटांमागे किमान ५ इंच उतार, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे खालची जमीन मधेच दोन-तीन इंच खचली की तिथे पोट सुटतं, मैला साचतो, सांधे उघडतात. दलदलीच्या जागी म्हणून खाली खडी भरतात, काँक्रीटची बैठक करतात किंवा लाकडी खांब ठोकतात. काँक्रीट जड, त्याच्याच वजनाने मऊ जमीन आणखी दबते. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेपर्यंत टिकतं. भूजल उतरलं की कुजतं. बॉस्टनच्या बॅक बे भागात घरंच्या घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, आणि गळक्या गटारांत भूजल झिरपून गेल्याने खांबांची डोकी कुजल्याची उदाहरणं तिथे आहेत. १९२९ साली तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाखालीही कुजके खांब सापडले होते.

आता प्लास्टिक बघा. त्याचे दोन मोठे वैरी, ऊन आणि आग. जमिनीखाली दोन्ही नाहीत. कुजत नाही म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो, तो इथे नेमका गुण ठरतो. आणि हे काही स्वप्नरंजन नाही. एडिसनमधल्या आपल्या मंडळींच्या शेजारीच, रटगर्स विद्यापीठात, थॉमस नॉस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधाच्या जगांसारख्या टाकाऊ प्लास्टिकमध्ये दुसरी प्लास्टिकं मिसळून भार पेलणारे खांब आणि तुळया घडवल्या. न्यू जर्सीतल्या व्हार्टन स्टेट फॉरेस्टमध्ये त्यांचा पूल उभा राहिला. २००९ साली फोर्ट ब्रॅगमध्ये लष्कराने अशाच पुलावरून सुमारे ७० टनी रणगाडा नेला.

पण पूल पास झाला म्हणून गटार पास होत नाही, हेही सांगतो, नाहीतर मीही विक्रेत्यांच्याच पंगतीत बसेन. रणगाडा येतो आणि जातो. मातीचा भार मात्र ५० वर्षं हलत नाही, आणि सततच्या भाराखाली प्लास्टिक हळूहळू दबत जातं. शिवाय ते पाण्याहून हलकं असतं. भूजल वर आलं तर बैठक तरंगू पाहते, तिला धरून ठेवावं लागतं. म्हणून कोणी सरसकट घाला म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दोनशे फुटांचा तुकडा घाला, शेजारी खडीवरचा दोनशे फुटांचा, आणि दरवर्षी आतून कॅमेरा फिरवून दोन्हींचा उतार मोजा.

एवढंही होत नाही, कारण टेंडरमध्ये खडी, काँक्रीट, लाकूड अशी नावंच छापलेली असतात आणि दुसऱ्या मालाला बोलीच लावता येत नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने मैलापाण्याच्या कामांसाठीच्या कर्जनिधीत ११.७ अब्ज डॉलर घातले. तो पैसा जुन्याच यादीप्रमाणे खर्च होतो आहे.

आपल्यातले कितीतरी जण सिव्हिल इंजिनिअर आहेत, कुणी सल्लागार कंपन्यांत, कुणी थेट टाऊनशिपच्या कचेरीत. ही टेंडरं तुम्हीच लिहिता. पुढच्या वेळी मालाचं नाव लिहू नका. इतक्या वर्षांत इतक्या इंचांपेक्षा जास्त खचता कामा नये, एवढंच लिहा आणि मग कोण बोली लावतो ते बघा.