नाव बदलले म्हणून बुरशी बदलते काय?

बुरशी म्हटली की छत्रीसारखी अळिंबी किंवा शिळ्या भाकरीवरील काळी लव आठवते. पण पावसाळ्यात पवनीजवळच्या रानात पडलेला एखादा ओंडका उलटून पाहा. खालच्या बाजूस चुना फासल्यासारखा पांढरा, पिवळसर वा गुलाबी पापुद्रा आढळेल. तीही बुरशीच! तिला दांडा नाही, छत्री नाही. सपाट पृष्ठावरच बीजाणू तयार होतात.

१७९४ साली पर्सून या शास्त्रज्ञाने अशा बुरशींसाठी ‘कॉर्टिशियम’ ही प्रजाती स्थापिली. पुढे जो जो गुळगुळीत पापुद्रा सापडे, तो तो तिच्यात जाऊ लागला. प्रजाती कसली, अडगळीची खोलीच झाली! धानावर पर्णकोष करपा पाडणारी बुरशीही ‘कॉर्टिशियम ससाकी’ म्हणून तेथेच होती. तिच्या तंतुरूपास मात्र क्यून यांनी १८५८ साली बटाट्यावरून ‘रायझोक्टोनिया सोलानी’ म्हटले होते. १९५६ साली डोंक यांनी बीजाणुरूपासाठी ‘थानाटेफोरस’ ही प्रजाती केली. एका जिवाची किती ही नावे! अखेर २०११ साली मेलबर्न येथील परिषदेत ‘एका बुरशीस एकच नाव’ असे ठरले आणि ‘रायझोक्टोनिया’ हे नाव टिकले.

“हा पंडितांचा खेळ, आम्ही नावे पाठ का करावी?” असे विद्यार्थी विचारतात. पाठ करू नयेत, हे माझेही मत आहे. पण वर्गीकरण म्हणजे पाठांतर नव्हे. पापुद्रा सारखा दिसला म्हणून नाते जुळत नाही. सपाट रूप बुरशींच्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे आले आहे. खरे कॉर्टिशियम आणि धानावरील बुरशी यांचे गणही आज निराळे मानतात.

याचा बांधीतील धानाशी संबंध आहे. या बुरशीचे तंतू तपकिरी गाठी बनवतात. त्या मातीत टिकतात, पाण्यावर तरंगतात आणि दुसऱ्या रोपाला चिकटतात. म्हणूनच पाण्याच्या पातळीजवळ, खोडाच्या बुडाशी प्रथम डाग पडतात. बांधावरचे तण काढणे, रोपे दाट न लावणे, नत्र बेताने देणे हे उपाय या स्वभावावरूनच ठरतात. जुन्या पुस्तकातील ‘कॉर्टिशियम’ आणि नव्यातील ‘रायझोक्टोनिया’ एकच, हे ठाऊक नसेल तर अर्धे ज्ञान कपाटातच राहील.

शिक्षकांना विनंती आहे : वर्गीकरणाचा तक्ता फळ्यावर लिहिण्यापूर्वी सालीचा एक तुकडा आणि एक भिंग वर्गात न्या. मुलांना आधी फरक पाहू द्या. नावे मागाहून येतील.