लॅपटॉप बदलण्याआधी वायर लावून बघा

गेल्या महिन्यात आमच्या हॉस्टेलच्या रूमवर एक गंभीर बैठक झाली. विषय एकच : रूममेटचा सहा वर्षांचा लॅपटॉप. त्यावर विंडोज 10 आहे, ते विंडोज 11 घेत नाही आणि तिला म्हणे 'गाणी नीट ऐकायची' आहेत. एका व्हिडिओत सांगितलं होतं की संगीतासाठी मॅकशिवाय पर्याय नाही. दुसऱ्यात लिनक्सचं कौतुक होतं. तिसऱ्यात आधी महागडा डॅक घ्या, मग बोला असा सूर होता. बैठक संपेपर्यंत खर्चाचा आकडा तिच्या वर्षाच्या मेसच्या बिलापुढे गेला होता. आणि हे पैसे येणार कुठून? घरून.

म्हणून आज थोडं स्पष्ट बोलायचंय. चांगला आवाज ऐकण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची गरज आपल्यापैकी बहुतेकांना नाही. ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो, त्यातल्या निम्म्या फुकट आहेत. त्या मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं.

आधी माझा स्वतःचा गाढवपणा सांगते. मी चार महिने 'लॉसलेस'साठी जादा पैसे भरत होते. लॉसलेस म्हणजे फाइल लहान करताना आवाजातलं काहीही न गाळता पाठवलेलं गाणं. आणि ऐकत कशावर होते? ब्लूटूथ इअरबड्सवर! नेहमीच्या ब्लूटूथवर गाणं पाठवताना लॅपटॉप ते पुन्हा एकदा दाबून लहान करतो, आणि त्यात काही भाग गळतोच. म्हशीचं घट्ट दूध मागवायचं आणि कपात ओतताना पाणी घालायचं, असला प्रकार. शिवाय ऑनलाइन लेक्चरला इअरबड्सचा माइक सुरू झाला की आवाज एकदम फोनवरच्यासारखा चपटा व्हायचा. मला वाटायचं लॅपटॉप खराब झाला. प्रत्यक्षात ब्लूटूथवर माइक आणि संगीत एकत्र चालवताना अनेक लॅपटॉप हेच करतात. माइक लॅपटॉपचा निवडला की काम झालं.

आता ऑपरेटिंग सिस्टीमचं बघू. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा. विंडोजवर एकाच वेळी गाणं, मेसेजचा 'टिंग' आणि ब्राउझरमधला व्हिडिओ असं सगळं वाजू शकतं, कारण सिस्टीम ते सगळं एका ठरावीक दराला आणून एकत्र मिसळते. हा दर अनेकदा 48,000 असतो. म्हणजे तुमचं गाणं वाटेत बदलतं. 'विंडोज आवाज खराब करतं' ही ओरड इथूनच येते. पण ही बदलाबदली आता इतकी नीट होते की कानाला सहसा पत्ता लागत नाही. तरीही मनात किडा वळवळत असेल, तर साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट 44,100 करा. काही प्लेअरमध्ये 'एक्सक्लुझिव्ह मोड' असतो, तो सुरू केला की गाणं थेट उपकरणाकडे जातं. तेवढा वेळ बाकीचे आवाज गप्प, एवढंच.

मॅकवर हेच काम 'ऑडिओ मिडी सेटअप' नावाच्या अ‍ॅपमध्ये होतं. लिनक्सवर आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर ही व्यवस्था आली आहे आणि ती उत्तम चालते. लिनक्सची अडचण आवाजाची नाही, अ‍ॅपची आहे. काही सेवांचं अधिकृत अ‍ॅपच तिथे नाही. मग ब्राउझरवर भागवावं लागतं आणि ब्राउझरमध्ये अनेकदा कमी दर्जाचं गाणं मिळतं. म्हणजे तिन्ही सिस्टीम गाणं जसंच्या तसं बाहेर काढू शकतात. फरक आहे तो कुठलं बटण कुठे आहे याचा.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. तुम्ही गाणी ऐकत नसून करत असाल, म्हणजे घरी रेकॉर्डिंग, मिक्सिंग, बीट्स बनवणं वगैरे, तर सिस्टीमची निवड महत्त्वाची ठरते. तार छेडल्यापासून ती हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंतचा उशीर, ऑडिओ इंटरफेसचे ड्रायव्हर, कुठलं सॉफ्टवेअर कशावर चालतं, हे सगळं तिथे बघावं लागतं. लॉजिक प्रो हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर हवं असेल तर मॅकच लागतो. पण नुसतं ऐकणाऱ्यानं स्टुडिओवाल्याचा सल्ला ऐकून खर्च करणं म्हणजे सायकल शिकायला ट्रकचं लायसन काढणं.

मग 'हाय-रेझ' म्हणून विकल्या जाणाऱ्या 24 बिट, 1,92,000 नमुन्यांच्या गाण्यांचं काय? 2007 मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये मेयर आणि मोरन यांचा प्रयोग छापून आला होता. हाय-रेझ आवाज आणि तोच सीडीच्या दर्जाला आणलेला आवाज, यातला फरक ओळखायचा होता. 554 प्रयत्नांपैकी 276 बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी इतकेच आले असते. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा अचूकता 52.3 टक्के निघाली. फरक अगदीच शून्य नाही, पण त्यासाठी लॅपटॉप बदलावा इतका तर नक्कीच नाही.

डेटाचा हिशेबही करा. 320 केबीपीएसचं गाणं तासाला 144 एमबी खातं. सीडीचा दर्जा न दाबता पाठवला तर 635 एमबी, लॉसलेस करून साधारण त्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश. आणि सगळ्यात वरचा हाय-रेझ लावलात, तर मोबाइल हॉटस्पॉटवरचा दिवसाचा 2 जीबीचा पॅक तासाभरात आटोपू शकतो. संध्याकाळी असाइनमेंट अपलोड करायची असते, हे लक्षात असू द्या.

गाणं मुळात कसं रेकॉर्ड झालंय, हेही बघायला हवं. 'सैराट'चं संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालं. तिथले व्हायोलिनचे थर चांगल्या हेडफोनवर खरंच उलगडतात. पण बालगंधर्वांची जुनी तबकडी 24 बिटमध्ये आली म्हणून त्या काळी न टिपलेला आवाज आता कुठून येणार? तिची खरखर तेवढी जास्त बारकाईनं ऐकू येईल.

तर दोस्तांनो, खर्चाआधी हा क्रम लावा. पहिलं, अ‍ॅपमधला दर्जा 'ऑटोमॅटिक'वरून सगळ्यात वरच्या पायरीवर न्या. अनेकांनी हे कधी उघडूनही पाहिलेलं नसतं. दुसरं, विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं 'ऑडिओ एन्हान्समेंट' आणि लॅपटॉप कंपनीनं टाकलेलं 'बेस बूस्ट'छाप अ‍ॅप बंद करा. आवाजात सगळ्यात जास्त ढवळाढवळ हेच करतात. तिसरं, ब्लूटूथ काढून एकदा साधे वायरचे इअरफोन लावून बघा. चौथं, हातात पैसे असतीलच तर ते हेडफोनमध्ये घाला, कारण ऐकण्यातला सगळ्यात मोठा फरक तिथे आहे. लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर किंवा गुणगुण येत असेल तरच छोटा यूएसबी डॅक घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम या यादीत सगळ्यात शेवटी.

आणि स्वतःची परीक्षा घ्या. विंडोजवर फूबार 2000 नावाचा फुकट प्लेअर आहे, त्याला 'एबीएक्स'ची जोड मिळते. एकाच गाण्याच्या दोन फाइल तो नाव न सांगता वाजवतो आणि तुम्ही ओळखायचं. मी 320 केबीपीएस आणि लॉसलेस अशा दोन फाइल लावल्या. सोळा प्रयत्नांत माझे नऊ बरोबर आले. म्हणजे मी अंदाजच लावत होते. रूममध्ये हशा झाला, पण माझे दरमहाचे पैसे वाचले. तुमचे सोळापैकी चौदा आले तर खुशाल लॉसलेस घ्या, तुमचे कान तुम्हाला मुबारक. फक्त त्या कानांना जपा. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सांगते. एकदा गेलेलं ऐकणं कुठल्याही सेटिंगमध्ये परत मिळत नाही.

राहिला रूममेटचा लॅपटॉप. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सुरक्षेचे अपडेट बंद होणं हे सिस्टीम बदलण्याचं खरं कारण आहे, संगीत नव्हे. आम्ही आधी तिच्या सगळ्या फाइलचा बॅकअप घेतला, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं, वायफाय आणि आवाज दोन्ही ठीक निघाले, मग ते टाकलं. खर्च शून्य. बाराशेचे वायरचे हेडफोन घेतले. परवा रात्री ती किशोरीताईंचा भूप लावून बसली होती. शेवटी म्हणाली, "अगं, तानपुरा किती स्वच्छ ऐकू येतोय!"

नव्या लॅपटॉपचे पैसे घरीच राहिले. त्यातले थोडे मागून घेऊन डिसेंबरात पुण्याला 'सवाई'ला जायचा आमचा बेत आहे. भारतीय बैठकीत, मांडी घालून. तुम्हीही या रविवारी ते सेटिंग उघडा, वायर लावा, सोळा वेळा ओळखून बघा. त्यानंतरही नवीन काही घ्यावंसं वाटलं, तर जरूर घ्या. फक्त ते तुमच्या कानांनी ठरवलेलं असू दे, कुणाच्या व्हिडिओनं नको.