मुकी पेटी आणि निरपराध चिप

नाणें टाकून खेळावयाची एक जुनी पेटी जालन्यांत आमच्या हातीं आली. चित्र स्वच्छ हालतें, पण आवाज मुळींच नाहीं! खेळास आवाज कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. जपानच्या टायटो कंपनीच्या १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळांत शत्रु जसजसे खालीं येतात तसतसा चार सुरांचा ठेका जलद होतो. तो बंद पडला कीं खेळाचा अर्धा जीव गेलाच.

पेटी पाहणाऱ्या प्रत्येकानें एकच निदान केलें, आवाज वाढविणारी चिप जळाली. आम्हींही तें मानलें, चिप उपटली, नवी बसविली, पेटी मुकीच. तीही काढतांना डाखाबरोबर तांब्याची पट्टी उखडून आली. अखेर दोष सांपडला तो स्पीकरच्या तुटक्या तारेंत! मोजल्यावांचून चिपेस हात लावणें हा अपराध समजावा, असें आमचें तेव्हांपासून स्पष्ट मत आहे.

आमची चिप टीडीए २००३, मूळची मोटारींतील रेडिओसाठीं केलेली, पांच पायांची. पांचव्या पायावर १२ व्होल्ट येतात काय, हें प्रथम पाहावें. अशा पेटींत खेळाच्या मेंदूस ५ व्होल्टचा पुरवठा निराळा असतो, म्हणून चित्र चालूनही आवाज बंद राहूं शकतो. चवथ्या पायावर सुमारें ६ व्होल्ट, म्हणजे निम्मे, मिळाले तर चिप बहुधा निरोगी. मग कपॅसिटर, तारा व स्पीकर तपासावे. शून्य किंवा पूर्ण १२ मिळाले तरच तिच्यावर संशय घ्यावा. कांहीं वेळ बोलून मुकी होणारी व निवल्यावर पुन्हां बोलणारी चिप मेलेली नसते. फार तापल्यास स्वतःस थांबविण्याची सोय तिच्यांतच आहे. तिच्या पाठीची धातूची पट्टी सैल झाली असेल.

एक गोष्ट मात्र पालकांनीं कडकपणें सांगावी. जुन्या पेटीच्या चित्रनळींत वीज बंद केल्यावरही उच्च दाब सांचून राहूं शकतो; तिकडे मुलांनीं हात घालूं नये, तक्ता बाहेर काढूनच काम करावें. परंतु या भीतीपोटीं मुलाच्या हातचा मल्टिमीटरच काढून घेणें आम्हांस मान्य नाहीं.

उपटलेली पहिली चिप आम्हीं नंतर दुसऱ्या तक्त्यावर लावून पाहिली. उत्तम चालते.